देवाचा रॅम्प

ज्या चौघांविरुद्ध मला त्या सकाळी सभेत बोलायचे होते, त्याच चौघांनी मला उचलून सभेला नेले.

"मॅडम, आज जरा जड लागताय," खुर्चीची पुढची डावी बाजू धरलेला गिरमे म्हणाला. "भाषण पोटात घेऊन निघालात वाटतं."

बाकीचे तिघे हसले. मीही हसले. आपण खुर्चीसकट अधांतरी असताना खुर्ची धरणाऱ्याच्या विनोदाला हसायचे असते, हा शिष्टाचार मी फार लवकर आत्मसात केला होता.

आमच्या 'स्नेहबंध' सोसायटीचे सभागृह पंपाच्या खोलीवर, इमारतीपासून वेगळे बांधलेले होते. वर जायला बाहेरून एक अरुंद जिना. माझी आई कठड्याला धरून, गुडघ्यांना शिव्या देत, आमच्या आधीच वर पोचली होती आणि बायकांच्या रांगेत बसली होती. वार्षिक सर्वसाधारण सभा होती, रविवारची सकाळ होती, कचोरीचा वास सुटला होता, आणि विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय माझा होता.

मी तेव्हा नाशिकच्या एका महाविद्यालयात प्राचीन इतिहास शिकवत होते. लेण्यांतले दानलेख हा माझ्या अभ्यासाचा विषय. चाळिशी ओलांडता ओलांडता मज्जारज्जूला सूज आली आणि इस्पितळातून मी परतले तेव्हा कमरेखालचे शरीर दिसायला माझेच होते, पण त्याची कोणतीही खबर मला मिळत नव्हती. आमची सदनिका दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट होती. परंतु फाटकातून आत आल्यावर लिफ्टपर्यंत पोचण्यासाठी पाच पायऱ्या चढाव्या लागत. त्या तिथे का आहेत, असे मी एकदा विचारले, तेव्हा पायऱ्यांनी इमारतीला शोभा येते असे उत्तर मिळाले.

इस्पितळातून परतले त्या दिवशी त्या पायऱ्यांपाशी सोसायटीचे अध्यक्ष थोरवे उभे होते. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, धिप्पाड, स्वच्छ, कोणाकडून एक पैसा न खाणारे गृहस्थ. हे मी मुद्दाम नोंदवते. ते वाईट मनुष्य असते तर ही गोष्ट फार सोपी झाली असती. "मॅडम, पाच पायऱ्यांचं काय घेऊन बसलात," ते म्हणाले. "आम्ही आहोत ना." आणि त्यांनी हाक मारताच चौघे पुढे आले, मी वर गेले, आणि वर बायकांनी मला ओवाळले. मी रडले. कृतज्ञतेनेच रडले.

पुढच्या आठवड्यात 'सेवापथक' स्थापन झाले. मोबाइलवर त्याचा गट झाला. पथकाला निळे टी-शर्ट शिवले गेले. पाठीवर अक्षरे होती : 'आम्ही आहोत ना'. सकाळी महाविद्यालयात जाताना आणि संध्याकाळी परतताना मी गटावर निरोप टाकायचा आणि चौघांनी यायचे. एका स्थानिक वर्तमानपत्राने 'माणुसकीचा जिना' या मथळ्याखाली छायाचित्र छापले. छायाचित्राखाली चौघांची नावे होती, थोरव्यांचे पूर्ण नाव आणि हुद्दा होता. माझा उल्लेख 'एक दिव्यांग भगिनी' असा होता.

दानलेखांत हेच असते. दाता आपले नाव कोरतो, बापाचे नाव कोरतो, गाव आणि धंदा कोरतो. डोंगरात पाण्याचे एक टाके खोदून दिले, त्याचे पुण्य आईबापांस लाभो, असे कोरतो. घेणाऱ्याची बोळवण मात्र 'चारी दिशांच्या भिक्षुसंघास' एवढ्या शब्दांत होते. हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आले होते आणि मुले वहीत उतरवून घेत होती. पण त्या भिक्षूंची स्थिती माझ्यापेक्षा बरी होती. पावसाळा संपला की ते उठून चालू लागत.

पहिले वर्ष बरे गेले. मग हळूहळू पथकाला मते फुटू लागली.

मी कुठे जाते हे त्यांना ठाऊक असणे अपरिहार्यच होते, कारण मला कुठेही जायचे तर आधी त्यांना सांगावे लागे. जाण्याची कारणे दोन प्रकारची असतात, हे मला कोणी स्पष्ट सांगितले नाही. निरोपांना येणाऱ्या उत्तरांवरून मी ते शिकले. महाविद्यालय, दवाखाना आणि देऊळ या कारणांना उत्तर लगेच येई. मैत्रिणीकडे जेवायला, पुस्तकांच्या प्रदर्शनाला, किंवा नुसतेच नदीकाठी, या कारणांना ते येता येता राही. एकदा संध्याकाळच्या नाटकाचे तिकीट काढले होते. निरोप सगळ्यांनी वाचला. कोणीही आले नाही. तयार होऊन मी लिफ्टच्या दाराशी बसले होते, तिथे थोरवे आले आणि वडीलकीने म्हणाले, "मॅडम, रागावू नका. पण नाटकासाठी चार माणसांना घरातून उठवायचं, हे तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला शोभतं का?"

मला शोभले नाही. मी वर परत गेले.

मग परतायच्या वेळा ठरल्या, कारण पथकातल्यांनाही बायकामुले होती. मग, सुट्टीच्या दिवशी शक्यतो बाहेर पडू नये, असा संकेत ठरला. पथकात भालेराव नावाचे एक गृहस्थ होते. उचलताना त्यांचा हात खुर्चीचा दांडा सोडून माझ्या मांडीखाली सरके. तिथे मला काहीही जाणवत नाही हे त्यांना माहीत होते. मला डोळे आहेत, हे त्यांच्या लक्षात आले नसावे. मी थोरव्यांकडे हा विषय काढला. त्यांना मनापासून वाईट वाटले, भालेरावांसाठी. "दोन मुलींचा बाप आहे तो," ते म्हणाले. "सेवा करणाऱ्याच्या हाताकडे असं बघायचं नसतं, मॅडम." त्यानंतर आठवडाभर निरोपांना उशिरा उत्तरे आली.

मला काय हवे होते ते एका वाक्यात सांगता येते. मला माझ्या घरातून एकटीने बाहेर पडता यावे आणि एकटीने परत येता यावे. माझे दंड भक्कम होते, खुर्ची मी स्वतः चालवत होते, महाविद्यालयाच्या फाटकापासून वर्गापर्यंत कोणाच्याही मदतीशिवाय जात होते. मध्ये फक्त त्या पाच पायऱ्या होत्या.

आणि त्या पायऱ्यांवर टाकायचा रॅम्प सोसायटीकडे होता.

आमच्या सोसायटीचा गणपती लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत बसे. मूर्ती मोठी, ती चाकांच्या गाड्यावरून यायची आणि त्या पायऱ्यांपाशी अडायची. पूर्वी पुरुष मंडळी ती उचलून वर नेत. एका वर्षी उचलताना मूर्तीला हिसका बसला, सोंडेला तडा गेला आणि सोसायटीत सुतक पडल्यासारखे झाले. पुन्हा तसे होऊ नये म्हणून थोरव्यांनी स्वतः आखणी करून लाकडी रॅम्प करवून घेतला. दोन लांब तुकडे, खाली लोखंडी पाय, वर रबराची पट्टी, दोन्ही कडांना चाक घसरू नये म्हणून उंच कंगोरा. देवाला धक्का लागू नये म्हणून उतार फाटकापर्यंत लांबवलेला, अतिशय सौम्य. दर वर्षी मूर्ती येण्याच्या दिवशी आणि विसर्जनाच्या दिवशी तो मांडला जाई. एरवी तो पंपाच्या खोलीत, जुन्या चादरीखाली.

मी तो पहिल्यांदा आमच्या गॅलरीतून पाहिला. मूर्ती त्यावरून वर गेली. एका माणसाने मागून नुसता हात लावला होता. मी बराच वेळ पाहत राहिले. आईला वाटले, मी नमस्कार करते आहे.

म्हणून माझा विषय साधा होता. नवे बांधकाम नको, कोणाची वर्गणी नको. आहे तो रॅम्प पायऱ्यांच्या एका बाजूला बाराही महिने मांडून ठेवावा. अर्धी रुंदी चालणाऱ्यांना मोकळी राहतेच. झिजला तर मी नवा करून देईन. हे मी थोरव्यांना दोनदा समक्ष सांगितले होते. त्यांनी दोन्ही वेळा ऐकून घेतले आणि हा निर्णय एकट्याने घेण्यासारखा नाही, सभेपुढे ठेवू, असे म्हणाले.

सभेत आधीचे विषय भराभर पार पडले. माझ्या विषयाची पाळी आली तेव्हा सचिव चौबळ, जे बँकेत अधिकारी होते आणि प्रत्येक वाक्य नियमाने सुरू करत, उठून म्हणाले की सदनिका कुमुदकाकूंच्या नावावर असल्यामुळे सभासद त्या आहेत. मॅडमना मत नाही, पण अध्यक्षांच्या परवानगीने त्या बोलू शकतात. थोरव्यांनी मान हलवून परवानगी दिली. मी बोलले. लहानसेच बोलले. वर्गात मी जे बोलते त्याच्या एकदशांशही बोलले नसेन.

मग चर्चा झाली. एका बाईंनी देवासाठी केलेली वस्तू रोजच्या वापरात आणावी का, हा प्रश्न उपस्थित केला; रस्त्यावर काय काय असते, चाकांना काय काय लागते, हे त्यांनी बोलायचे टाळून सर्वांच्या मनात उभे केले. एका गृहस्थांना भीती वाटली की रॅम्पवरून दुचाकी चढतील, मग कुत्री चढतील. दुसऱ्या एकाने अगदी कळवळून सांगितले की दारात कायमचा रॅम्प दिसला की इमारत इस्पितळासारखी दिसते आणि येणाऱ्या पाहुण्यांच्या मनावर परिणाम होतो. थोरव्यांनी मध्येच, अभियंता या नात्याने, माणसाच्या खुर्चीला उतार किती असावा याचे नियम असतात, हा रॅम्प त्यात बसेलच असे नाही, असे मत दिले.

"साहेब, मी मोजून घेतलाय," मी म्हणाले. "तुमचा उतार नियमापेक्षा सौम्य आहे. माणसांसाठी एवढी काळजी कोणी घेत नाही."

क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर कारागिराचा खरा आनंद उमटला. मग त्यांना वाक्याचा दुसरा भाग पोचला.

तेव्हा गिरमे उठला. गिरमे वाईट नव्हता. त्याचे टायरचे दुकान होते, तो मोठ्याने हसायचा, आणि पथकात त्याने एकही पाळी चुकवली नव्हती. तो रडवेला झाला होता. "म्हणजे आमचा कंटाळा आला का मॅडमना?" त्याने मला नाही, सभेला विचारले. "पाठीत उसण भरली तरी मी आलोय. पोरीच्या वाढदिवसाचा केक तसाच टाकून आलोय. आमचं काय चुकलं ते तरी सांगा."

सभागृहात एकदम ऊब पसरली. सगळ्यांची तोंडे गिरमेकडे वळली होती आणि त्या सगळ्या तोंडांवर माया होती. मला तेव्हा कळले की इथे रॅम्पवर चर्चा चाललेलीच नाही. रॅम्प आला तर टी-शर्टांचे काय करायचे, हा प्रश्न होता. छायाचित्र, ओवाळणी, आपण बरी माणसे आहोत ही रोज सकाळी फुकट मिळणारी खात्री, हे सगळे त्या दोन लाकडी तुकड्यांखाली जाणार होते. घेणारा उठून गेला की दात्याजवळ नुसते दान उरते आणि ते फार जड असते.

"काही चुकलं नाही," मी म्हणाले. "मला तुमचे आभार मानायचेच आहेत. फक्त रोज दोन वेळा मानायचे नाहीत."

बायकांच्या रांगेत कोणीतरी जीभ चावली. थोरव्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हा अविश्वास आहे," ते सावकाश म्हणाले. "रॅम्प लाकडाचा असतो, मॅडम. त्याला भावना नसतात. आम्हाला आहेत."

चौबळांनी ठराव मांडला. दोन भाग एकत्र होते : सेवापथकाचे निःस्वार्थ कार्याबद्दल अभिनंदन करण्यात येत आहे, आणि त्या कार्याची परंपरा खंडित होऊ नये म्हणून रॅम्प कायमस्वरूपी मांडण्याची सूचना अमान्य करण्यात येत आहे. हात वर झाले. थोरवे रांगांवरून नजर फिरवत शेवटच्या रांगेपर्यंत आले आणि थांबले.

"कुमुदकाकू?"

माझ्या आईचा हात मांडीवर होता.

"घाई नाही," थोरवे म्हणाले. "पण अभिनंदनाचा ठराव एकमताने व्हावा, अशी सगळ्यांची इच्छा असते."

सगळे थांबून राहिले. आईने माझ्याकडे पाहिले नाही. तिने हात वर केला. आधी कोपरापर्यंत, आणि चौबळांना नीट दिसावा म्हणून मग पूर्ण. टाळ्या झाल्या. टाळ्या अभिनंदनाच्या असल्यामुळे त्यांत कोणालाही काही वावगे वाटले नाही.

लोक कचोऱ्यांकडे वळले. पथक माझ्या खुर्चीपाशी आले, नेहमीसारखे, बाह्या सरसावत. मी म्हणाले, मला कोणी उचलायचे नाही, मी उतरते. मग मी खुर्चीच्या पायपट्ट्यांवर हात टेकून जमिनीवर आले. हे मला येत होते; इस्पितळात ते शिकवतात. बसल्या बसल्या पुढे सरकायचे, एकेका पायरीवर कंबर टेकवायची, पाय हातांनी उचलून खाली घ्यायचे. वेळ लागतो, कपडे मळतात, त्याहून अधिक काही होत नाही. मी जिन्याकडे सरकू लागले. कचोरी हातात घेतलेली माणसे बाजूला झाली.

"मॅडम, तमाशा नको," थोरवे म्हणाले. "खाली लोक बघतायत."

"बघू देत. तुम्ही वाट द्या."

थोरवे वाटेतच उभे राहिले. तेवढ्यात माझी आई उठली. ती माझ्याकडे येते आहे असे मला वाटले. ती माझ्या अंगावरून पुढे गेली, थोरव्यांसमोर उभी राहिली आणि तिने हात जोडले. ती त्यांच्याहून वयाने मोठी होती.

"तिचं मनावर घेऊ नका, साहेब. आजारानं कडू झालीय. मी माफी मागते तिच्या वतीनं."

"काकू, काकू, हात कसले जोडता," थोरवे विरघळून म्हणाले. "आम्ही का तिच्यावर रागावणार? तुमच्याकडे बघून झालं गेलं सोडून दिलं." मग त्यांनी पथकाला मानेने खूण केली.

मी 'हात लावू नका' असे म्हणाले. हे मी स्पष्ट म्हणाले. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचण्यासाठी घडवलेला आहे. चौघांनी मला खुर्चीशिवाय उचलले. दोघांनी काखेत, दोघांनी पायांत. पायांकडे भालेराव होते.

"खाली ठेवा," मी म्हणाले.

"ठेवतो ना," गिरमे म्हणाला. त्याचे डोळे अजून ओले होते, पण तो हसत होता. भांडण मिटले या आनंदाने हसत होता. "घरी नेऊन ठेवतो."

मी तेच पुन्हा म्हणाले. जिन्यात म्हणाले, अंगणात म्हणाले, त्या पाच पायऱ्यांवर म्हणाले. खाली खेळणारी मुले आमच्या मागून चालू लागली. मी हातपाय झाडले असते, असे लिहायला हवे. मला झाडायला फक्त हात होते आणि ते दोघांनी धरून ठेवले होते. लिफ्टपाशी मागून कोणीतरी, खेळीमेळीने, "मोरया" म्हणाले. ज्यांनी मला धरले होते ते हसले आणि त्यांच्या हसण्याने माझे शरीर हलले. घरात त्यांनी मला पलंगावर ठेवले. फार जपून ठेवले. गिरमेने डोक्याखाली उशी सरकवली. एका बाईंनी पाणी आणले.

खुर्ची वर सभागृहातच राहिली होती. मी ती मागितली.

"आणतो की," दारातून थोरवे म्हणाले. "जरा शांत व्हा. घाई काय आहे, आज रविवार आहे."

खुर्ची संध्याकाळी आली नाही. सोमवारी सकाळी मी महाविद्यालयात जायचे असल्याचा निरोप गटावर टाकला, तो सगळ्यांनी वाचला. मंगळवारीही ती आली नाही. आई मला स्वयंपाकघरातल्या चाकांच्या स्टुलावर बसवून न्हाणीघरात नेई, आणि आम्ही दोघी अगदी आवश्यक तेवढेच बोलत असू. शेवटी ती एका डब्यात रव्याचे लाडू घेऊन खाली गेली. तासाभरात गिरमे खुर्ची घेऊन आला. "मॅडम, चाकं कुरकुरत होती," तो म्हणाला. "तेल घालून आणलीय." त्याच्या मनात किंचितही कपट नव्हते.

बुधवारी मी एका खासगी रुग्णवाहिकेला फोन केला. दोन माणसे स्ट्रेचर घेऊन वर आली आणि पेशंट कुठे आहे म्हणून विचारू लागली. मी म्हणाले, मीच. आजार काय, तर काही नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिले, पण त्यांचा धंदा उचलण्याचा होता. पैसे घ्यायचे आणि निघून जायचे, इतका स्वच्छ. मी धडधाकट बाई, साडी नेसून, खुर्ची आधी खाली पाठवून, छातीशी पेपरांचा गठ्ठा धरून स्ट्रेचरवर आडवी झाले आणि माझ्या घरातून बाहेर पडले. फाटकाशी लोक जमले. काही बायकांनी हात जोडले. थोरव्यांनी चालकाला काळजीने विचारले, कोणत्या हॉस्पिटलला.

"कॉलेजला," चालक म्हणाला.

त्या महिन्याच्या आत मी गंगापूर रस्त्याच्या पुढे, शहर संपते तिथे एक बैठे घर भाड्याने घेतले. सिमेंटचे पत्रे, न्हाणीघर मागच्या दारी, आणि दार थेट रस्त्याच्या पातळीला. मी कुलूप उघडून आत गेले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा आत गेले. कोणालाही काहीही सांगावे लागले नाही.

आई आली नाही. मी तिला चल म्हणून हुकूम केला नव्हता, ये म्हणून विनवले होते. ती कपडे घडी करत होती. घडी मोडून पुन्हा केली.

"तिथं माझं कोण आहे?"

"मी आहे."

"तू आहेस," ती म्हणाली. "पण तुझ्याच्यानं मला खांदा देववणार आहे का? वेळ आली म्हणजे चार माणसं लागतात, बाई. तू शिकलीस फार, पण हे तुला कळलं नाही. चार माणसं लागतात, आणि ती अशी रस्त्यावर मिळत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी हात वर केला तो त्याच्यासाठी. माझ्यासाठी. तुझ्याविरुद्ध नाही."

आमच्या भाषेत शेजारधर्म या शब्दाच्या तळाशी काय असते, ते तिने एका वाक्यात सांगितले होते, आणि मला ते कोणत्याही लेखात सापडले नव्हते.

पुढे सात वर्षे आम्ही दर रविवारी फोनवर बोललो. तिला खाली उतरणे जमेनासे झाले तेव्हा पथकाने तिलाही सेवेत घेतले. ती त्यांचे कौतुक सांगे आणि मी ऐकून घेई. एका रविवारी तिने फोन उचलला नाही. मी पुन्हा केला, शेजारी केला. झोपली असेल, असे शेजारच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन घाईने ठेवला. मी रिक्षा करून फाटकापर्यंत गेले. अंगण रिकामे होते. मी गटावर नव्हते; हाक मारावी असे तिथे माझे कोणी उरले नव्हते, तरी मी मारली. वॉचमन नवीन होता. तो म्हणाला, सगळे लोक बाहेर गेलेत, काही कार्यक्रम असेल.

थोरव्यांचा फोन सोमवारी सकाळी आला. आवाज भरलेला होता, पण नीट आवरलेला.

"मॅडम, मन घट्ट करा. काकू शनिवारी पहाटे गेल्या. झोपेतच. सोनं झालं त्यांचं."

मी विचारले, शनिवारी?

"हो. तुम्ही अजिबात काळजी करू नका. सगळं व्यवस्थित पार पडलं. आख्खी सोसायटी होती. पथकानं खांदा दिला, गिरमे तर कोणाला बदलूच देत नव्हता. अग्नी मी दिला. मुलासारखाच मानायच्या मला."

"मला कळवलं नाहीत."

"कळवलं असतं तर तुम्ही आला असता," थोरवे समजुतीने म्हणाले. "मग तुम्हाला वर आणा, खाली न्या. स्मशानात तर किती चढ-उतार. तुमचे हाल आम्हाला बघवले नसते. आणि काकूंनीच सांगून ठेवलं होतं, तिला बोलावू नका म्हणून."

तिने तसे सांगितले होते की नाही, हे विचारण्यासाठी आता कोणी शिल्लक नव्हते. मी अस्थींबद्दल विचारले.

"त्याही काल रामकुंडात सोडल्या. तिथल्या पायऱ्या तुम्हाला माहीतच आहेत." ते थोडे थांबले. "तुमच्यासाठी म्हणून काहीसुद्धा मागे ठेवलं नाही बघा. सगळं आम्हीच उरकलं."

एवढे बोलून ते गप्प झाले, पण त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. शांत, धीराचा, कर्तव्य पूर्ण केलेल्या माणसाचा. ते कशाची वाट पाहत आहेत हे मला ठाऊक होते. तो आभाराचा एक शब्द ऐकल्याशिवाय त्यांना त्या तीन दिवसांचा शेवट झाल्यासारखे वाटणार नव्हते.

मीही फोन ठेवला नाही. काही बोलले नाही. उघड्या दारातून समोरचा रस्ता दिसत होता, आणि मी त्यांना वाट पाहू दिली.